थंड पाणी, मूठभर मीठ

विश्वजित म्हणाला, मामा, हा बघितला नाहीस
तर सिनेमाच बघितला नाहीस.
पेपरात पाच तारे, पानपट्टीवर पाच तारे,
तालमीतली पोरं तिसऱ्यांदा जाऊन आलेली,
एकानं तर त्यातला डायलॉग दंडावर गोंदवलेला.
मग मीही शटर सातलाच ओढलं,
पापाच्या तिकटीवर त्याच्या गाडीवर मागं बसलो
आणि खरं सांगतो, आशेनं गेलो.

वाटलं होतं, भीती वाटेल.
रात्री कूस बदलत पडावं लागेल,
उठून तांब्यातलं पाणी प्यावं लागेल.
तेवढ्यासाठी तर दोनशे ऐंशी रुपये.

पहिला मेला तेव्हा शिट्ट्या.
सहावा मेला तेव्हा पाऊस पडत होता, सावकाश,
थेंब मोजून घ्यावेत इतका सावकाश.
विश्वजित कानाशी म्हणाला, फ्रेम बघ मामा, फ्रेम.
बघितली. भिंतीवर उडालेलं रक्त
तांबड्या रश्श्याहून तांबडं,
आणि रश्श्यावर निदान तवंग तरी असतो.

मध्यंतरापर्यंत मी एकोणीसवर आलो होतो.
पुढं मोजणं सोडलं. समोसा गार होता.

चौतीस वर्षं लॉन्ड्री चालवतोय.
रक्त माझ्या ओळखीचं आहे, लांबच्या पाहुण्यासारखं:
न सांगता येतं, आलं की हलत नाही.
तासाभरात काताच्या रंगाचं होतं,
दुसऱ्या दिवशी चहाच्या चोथ्याच्या.
गरम पाणी घातलंत की संपलं, जन्माचं बसलं.
थंड पाणी, मूठभर मीठ, आणि बोटं.
ब्रश लावायचा नाही.
तीन तासांत त्या पडद्यावर
एकानं शर्ट धुतला नाही.
दर सीनला नवा, कडक इस्त्रीचा.
कोण करून देतं?

बावड्याच्या एक मालूताई आल्या होत्या,
पिशवीत शर्ट, निळा, चौकटीचा.
डाग निघंल काय, एवढंच विचारलं.
कुणाचा, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.
खिशात घडी घातलेली चिठ्ठी निघाली:
कोथिंबीर, लिंबं दोन,
आईच्या गोळ्या, अर्धी पट्टी.
डाग निघाला. थोडा राहिला कॉलरच्या आत,
मलाच दिसेल एवढा.
न्यायला कुणी आलं नाही.
नंबर दोनशे सतरा. दर दिवाळीला
त्याच्यावरची प्लास्टिकची पिशवी तेवढी बदलतो.

सिनेमात इतकी माणसं मेली,
एकाच्याही खिशात चिठ्ठी नव्हती.

खोटं कशाला बोलू,
एकदा माझीही मूठ खुर्चीच्या दांड्यावर आपटली.
तो जाड मानेचा, स्वतःच्या भावाला विकणारा,
त्याला उसाच्या चरकाजवळ गाठला तेव्हा.
बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं.
मग त्याचंच काहीतरी पोटात फिरत राहिलं
आणि पुढचे दोन-तीन खून
माझ्या लक्षातच नाहीत.

संपला. टाळ्या. दुसरा भाग येणार म्हणे.
कसा वाटला, बोल की, विश्वजित म्हणाला.
मी म्हटलं, आवाज मोठा होता.
तो रुसला. नाद खुळा पिक्चर हाय मामा,
तुला कळत न्हाई.
नसेल.

दारात झाडणाऱ्या बाई उभ्या होत्या पदर खोचून,
आमच्या पॉपकॉर्नवर नजर ठेवून,
कधी एकदा आम्ही बाहेर पडतोय म्हणून.
रोज चार खेळ. शेवटची पाच मिनटं तेवढी
चारी वेळा बघायला मिळतात म्हणाल्या.
मग मलाच अडवून विचारलं,
"त्यो शेवटाला मरतोय त्यो,
सुरवातीला कोण असतोय वो?"

मी आठवत उभा राहिलो.
खाली विश्वजित हॉर्न देत होता.
थोडा वेळ वाट बघून
बाईंनी मागच्या रांगेपासून झाडायला घेतलं.